साडूभाऊंची रातराणी

सूर्य मावळला की जगातला निम्मा दुष्टावा अंथरूण घालून झोपी जातो, असं ठामपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बाकीच्यांना अंधाराची भीती वाटते, यांना उजेडाची वाटायची. भरदुपारी गच्चीवर उभं राहून आभाळाकडे संशयानं बघणार, ढगाची सावली अंगावरून सरकली तरी दचकणार, आणि दिवेलागण झाली की "सुटलो बुवा आजच्यापुरतं" असं म्हणत खुर्चीत अंग टाकणार. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. वयानं माझ्याहून पुष्कळ मोठे, म्हणून मी त्यांना साडूभाऊ म्हणतो. ते मला, परभणीच्या एका साध्या मास्तराला, साडूसाहेब म्हणतात. यातला ‘साहेब’ मानाचा आहे की टोमण्याचा, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही, आणि विचारायची हिंमतही झालेली नाही.

साडूभाऊ मानवतच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारणारे. त्यांचा आवाज असा, की झोपलेला प्रवासी उठून बसावा आणि उठलेल्यानं आपण कुठं निघालोत ते विसरावं. निवृत्तीनंतर हा आवाज घरी राहायला आला आणि आक्कांचे, म्हणजे माझ्या मेव्हणीचे, हाल सुरू झाले. ताट वाढायला जरा उशीर झाला की माजघरातून घोषणा व्हायची, "जेवणाची गाडी आगारातून अद्याप सुटलेली नाही, प्रवाशांनी नोंद घ्यावी." भाजी करपली तर तो तांत्रिक बिघाड. पाहुणे आले तर जादा गाडी. राणीसावरगावला एका लग्नात मुहूर्त टळत चालला, तेव्हा यांनी सरळ भटजींच्या हातातला माईक घेतला आणि पुकारा केला. पुकारा नवरदेवाला जागेवर येण्याचा होता. पण स्वर इतका स्थानकावरचा, की वऱ्हाडातली निम्मी मंडळी पिशव्या उचलून मांडवाबाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली. अक्षता टाकायला त्यांना हाताला धरून परत आणावं लागलं.

निवृत्तीनंतर त्यांनी कबुतरं पाळली. हा शौक आमच्या भागात जुना, हैदराबादकडून आलेला. पण साडूभाऊंनी त्याला एसटीची शिस्त लावली. गच्चीवर फळ्यांचं खुराडं बांधलं, बांबूच्या टोकाला पाखरांना बसायला चौकट केली, आणि प्रत्येक कबुतराला एकेका गाडीचं नाव दिलं. येलदरी, जिंतूर, सेलू, पाथरी. सकाळी खुराड्याची दारं उघडताना ते नावानिशी पाखरं सोडायचे आणि उतरताना नावानिशी घ्यायचे. येलदरी हे करडं नर कबूतर रोज सगळ्यांच्या मागून यायचं. त्याबद्दल ते त्याला कधी रागावले नाहीत, कारण येलदरीचा रस्ताच तसा आहे, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांत लाडकी होती राणीसावरगाव. पांढरीशुभ्र, पायांवर पिसं असलेली, चालताना साडीचा घोळ सावरत चालल्यासारखी दिसणारी मादी. तिला नुसतं ‘राणी’ म्हटलेलं चालायचं नाही, मान वळवायची नाही. पुरं राणीसावरगाव म्हटलं की मग सावकाश येऊन मनगटावर बसायची. आक्का एकदा माझ्यासमोरच फणकारल्या, "लगीन झाल्यापासून मला एकदा नावानं हाक मारली न्हाई या मानसानं. ‘अगं’वर संसार झाला माझा. आन हिला पुरं नाव लागतंय!"

"तिची गाडी लांबची हाय," साडूभाऊ शांतपणे म्हणाले.

तर या कबुतरांचा वैरी गावातच होता. दर हिवाळ्यात कुठून तरी एक बहिरी ससाणा मानवतला यायचा आणि साडूभाऊंच्या घरापासून जवळच असलेल्या पाण्याच्या उंच टाकीवर मुक्काम ठोकायचा. पाठ निळसर काळी, गालांवर काळे कल्ले, आणि बसणं असं की ही टाकी त्यानंच बांधून घेतली असावी. एका सकाळी मी गच्चीवर चहा पीत होतो. कबुतरं वर घिरट्या घालत होती. साडूभाऊ "पाथरी, पाथरी" म्हणून हात वर करत होते, तेवढ्यात ओलं धोतर दगडावर आपटावं तसा एक आवाज आला. वर पाहिलं तर पाथरी नव्हती. तिच्या जागी हवेत पिसांचा एक लहानसा पुंजका तरंगत होता, आणि तो खाली यायलाही तयार नव्हता. साडूभाऊंचा हात बराच वेळ वरच राहिला. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि जेवणाच्या गाडीबद्दल कुठली घोषणाही झाली नाही.

दुसरा कुणी असता तर त्यानं हिवाळाभर पाखरं कोंडून ठेवली असती. साडूभाऊंनी वेगळा विचार केला. ससाणा हा दिवसाचा प्राणी. अंधार पडला की त्याची ड्युटी संपली. तेव्हा कबुतरांनाच रात्रपाळी का लावू नये? घरासमोरच्या चौकात नुकताच हायमास्ट बसला होता. उंच खांब, टोकाला लोखंडी कडं, आणि कड्याला भोवतीनं खाली तोंड केलेले प्रखर दिवे. हा दिवा आपल्याच चौकात बसावा म्हणून साडूभाऊंनी गावभर सह्या गोळा केल्या होत्या, त्यामुळे त्याच्यावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव. "लख्ख दिवस पडतोय की खाली," ते मला म्हणाले, "आन ससाना तकडं टाकीवर घोरत पडलेला. एसटी रातराणी सोडती, मग मी का सोडू नये?" एसटीच्या रात्रभर धावणाऱ्या गाडीला रातराणी म्हणतात, हे त्यांच्या दृष्टीनं सगळ्या शंकांचं उत्तर होतं.

कबुतरं अंधारात उडायला नाखूष असतात. पण साडूभाऊंनी घाई केली नाही. आज सूर्य बुडताना सोडली, उद्या आणखी थोडी उशिरा, असं करत करत त्यांनी सगळं वेळापत्रक दिव्याखाली आणून ठेवलं. उतरायची जागा पाखरांना कळावी म्हणून गच्चीवर एक पिवळा बल्ब टांगला. आणि रोज संध्याकाळी, पाखरं सोडण्याआधी, ते न चुकता टाकीपाशी जाऊन ससाणा झोपला का ते बघून यायचे. मी एकदा सोबत गेलो. वर तो पंख मिटून, मान आत घेऊन बसला होता. साडूभाऊंनी खालून त्याला हात केला, रात्रीच्या प्रवाशाला करावा तसा, आणि मला म्हणाले, "बघा, कसा गप झोपायलाय. चला, गाडी लावू."

रातराणी बघायला चौक जमायचा. चहाच्या हॉटेलवाल्यानं बाकडी रस्त्यावर आणली. कापसाच्या जिनिंगवरून सुटलेली माणसं, भाजीवाल्या बाया, सगळे माना वर करून उभे. आणि दृश्य होतंच तसं. थवा दिव्यांच्या खालून गेला की पांढरा फक्क दिसायचा, एकेक पीस मोजून घ्यावं असा. वळसा घेऊन तोच थवा दिव्यांच्या वर गेला की नाहीसा. दिवे खाली तोंड करून, त्यामुळे त्यांच्या वर नुसता काळोख. मग क्षणभर काहीच नाही, आणि पुन्हा त्या काळोखातून पाखरं एकदम गळल्यासारखी उजेडात यायची. पंखांचा आवाज खालच्या गोंगाटात ऐकू यायचा नाही, पण त्यांच्या सावल्या मोठ्या होऊन रस्त्यावरून, भिंतींवरून, चहा पिणाऱ्या माणसांच्या तोंडांवरून धावायच्या. लोक वाहवा करायचे. मला मात्र ते बघताना अंगावर काटा यायचा, आणि का येतो ते सांगता यायचं नाही. मी मूळचा भित्रा असल्यामुळे मी माझ्या काट्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

मग गाड्या चुकायला लागल्या. आधी सेलू आली नाही. साडूभाऊ म्हणाले, अंधारात वाट चुकली असेल, सकाळी येईल. सकाळी आली नाही. काही दिवसांनी दोन नवी पाखरं गेली. कुणी ओरडलं नाही, कुणी झडप पाहिली नाही. थवा दिव्याच्या वर जायचा तेव्हा त्यात एखादं पाखरू असायचं, आणि खाली यायचा तेव्हा नसायचं. एका संध्याकाळी हॉटेलच्या बाकड्यावर बसलेल्या एकाच्या कपात वरून पीस पडलं, आणि त्यानं कप तसाच ठेवून घर गाठलं. गावात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे घुबड, कुणी म्हणे करणी. हायमास्टचा खड्डा खणताना काही तरी निघालं होतं म्हणे, काय ते मात्र प्रत्येक जण वेगळं सांगायचा. बाया दिव्याखालून जाताना पदर डोक्यावर घ्यायला लागल्या. आक्कांनी खुराड्याला लिंबू-मिरची बांधली. साडूभाऊंनी ती काढली नाही, यावरून मी ओळखलं की माणूस हादरला आहे.

"ससाणा नसेल ना?" मी एकदा भीत भीत विचारलं.

"त्यो कसा आसंल, साडूसाहेब?" ते जवळजवळ रागावून म्हणाले. "मी सोता बघून येतो न्हवं रोज? दिवसाचा मानूस हाय त्यो."

या वाक्यावर त्यांचं सगळं उभं होतं. रात्र जर सुरक्षित नसेल, तर त्यांच्या पाखरांना आभाळात जागाच उरत नव्हती. आणि आभाळ नसलेली कबुतरं पाळण्यापेक्षा कोंबड्या पाळाव्यात, असं तेच नेहमी म्हणत. म्हणून पाखरं कमी होत गेली तरी रातराणी सुटत राहिली.

अशाच एका शनिवारी मी शाळा सुटल्यावर परभणीहून मानवतला गेलो होतो. थंडी होती, चौकात दिव्याभोवती किड्यांचं धुकं होतं. साडूभाऊ टाकीपाशी जाऊन आले, ससाणा जागेवर असल्याचं त्यांनी सांगितलं, आणि पाखरं सोडली. दुसऱ्याच वळशाला मी गच्चीवरून समोरच्या भिंतीवरच्या सावल्या बघत होतो. कबुतरांच्या सावल्या एकामागून एक सरकत होत्या, आणि त्यांच्यामधून एक सावली आली जी कबुतराची नव्हती. टोकदार पंखांची, सरळ रेषेत जाणारी. मी वर पाहीपर्यंत थवा फुटला होता. एरवी अशा वेळी पाखरं खाली येतात. ती आली नाहीत. दिव्यांनी दिपून ती खांबाला चिकटून गरगर फिरायला लागली, खालून वर, वरून खाली. जितका वेळ उजेडात फिरतील तितका वेळ ती कुणाला तरी लख्ख दिसत होती. साडूभाऊ गच्चीच्या कठड्याला धरून नावं पुकारत होते. एकही पाखरू त्या मिणमिणत्या पिवळ्या बल्बाकडे बघायला तयार नव्हतं.

"अहो, त्यो मोठा दिवाच घालवा की," मागून आक्का म्हणाल्या. "त्यास्नी आपला बलप दिसायचा कसा?"

साडूभाऊंनी वळून पाहिलं. गावभर सह्या मागत फिरलेला माणूस तो. पण लगेच ते कठड्यावर वाकले आणि हॉटेलवाल्याला हाक मारली, कारण दिव्याच्या पेटीची किल्ली त्याच्याकडे असायची. तो बिचारा तयार होईना. "मामा, चौक भरल्याला हाय. अंधार केला तर लोक मला फाडून खातील." तेव्हा साडूभाऊंनी छाती भरून घेतली आणि पुकारा केला. "चौकातील सर्व प्रवाशांनी नोंद घ्यावी. दिवा थोडा वेळ बंद राहील. कृपया कुणीही जागेवरून हलू नये." हसायला कुणालाच सुचलं नाही. गाडीवाल्यांनी आपापले दिवे मालवले. पेटीचं दार वाजलं, आणि चौक बुडाला.

आधी काहीच दिसेना. फक्त पंख ऐकू आले. इतके दिवस आम्ही ते बघत होतो, ऐकले त्या अंधारात पहिल्यांदा. ते डोक्यावरून, कानाजवळून जात होते. मग हळूहळू चांदण्या दिसायला लागल्या, चांदण्यांपुढे खांब दिसला, खांबाच्या टोकाचं कडं दिसलं, आणि कड्यावर कुणी तरी बसलेलं दिसलं.

तो दिव्यांच्या वर बसला होता. आमच्या डोक्यावर. दिव्यांच्या झगझगाटापलीकडे कुणाची नजर पोचायची नाही, म्हणून टाकीपाशी साडूभाऊंची पाठ वळली की ससाणा इतक्या संध्याकाळी तिथं येऊन बसायचा आणि कुणाला दिसायचा नाही. आम्ही खाली चहा पीत त्याच्या पंगतीला बसलेलो. पुढे आमच्या शाळेतल्या, पक्ष्यांचा नाद असलेल्या एका मास्तरांनी मला सांगितलं की यात नवल काही नाही, दिवसाचे शिकारी पक्षी गावोगावच्या उजेडात रात्रीही शिकार करायला शिकलेत. पण त्या वेळी चौकातल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं. सगळा चौक मान वर करून उभा होता. वर त्या काळ्या आकारानं मान वळवली आणि आमच्याकडे पाहिलं, एवढं मी शपथेवर सांगू शकतो.

साडूभाऊंनी मात्र तिकडे पाहिलं नाही. ते बल्बाखाली दाण्यांचं ताट घेऊन उभे राहिले आणि हाका मारू लागले. हा पुकारा नव्हता. त्यांचा असा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. "जिंतूर... ये, जिंतूर." काळोखातून जिंतूर आली आणि ताटाच्या काठावर बसली. तिच्यामागून बाकीची. सगळ्यांत शेवटी, रिवाजाप्रमाणे, येलदरी. आक्का एकेकाला उचलून खुराड्यात घालत होत्या. मग कुणी येईना. "राणीसावरगाव," साडूभाऊ म्हणाले. "राणीसावरगाव." मी खांबाकडे पाहिलं. ससाण्याच्या पायांखाली काही तरी पांढरं होतं. वाऱ्याबरोबर एक पीस बल्बाच्या उजेडात आलं आणि सावकाश ताटात उतरलं. साडूभाऊंनी ते पाहिलं, आणि तरीही ते पुरं नाव घेऊन हाका मारत राहिले. खाली अख्खा चौक अंधारात थांबला होता, आणि कुणीही दिवा लावा म्हटलं नाही. शेवटी आक्कांनी त्यांच्या हातातून ताट काढून घेतलं. "चला आता," त्या म्हणाल्या, "ती आली आसती तर आली आसती." दिवा लागला तेव्हा कड्याच्या वर पुन्हा काहीच दिसत नव्हतं.

मला वाटलं होतं ते ससाण्याला शिव्या घालतील. सकाळी मला सोडायला बसस्थानकावर आले तेव्हा नुसते म्हणाले, "त्याची काय चूक, साडूसाहेब? उजेड आपन केला. त्याला डबल ड्युटी आपनच लावली." त्यांचे डोळे सुजलेले होते. मला त्यांचा हात धरावासा वाटला, आणि मी धरला. आमच्या नात्यात असं कुणी करत नाही, पण त्यांनी तो काढून घेतला नाही.

रातराणी बंद झाली. काही दिवस त्यांनी खुराड्याची दारं उघडलीच नाहीत. मग एका सकाळी उघडली, भर उजेडात, समोर टाकीवर तो बसलेला असताना. मी विचारलं तर म्हणाले, "न्यायचं तर तो नेनारच. दिवसा निदान येताना दिसतो तरी." पाखरं आता दिवसभर मोकळी असतात, दिवेलागणीला आत येतात. काही येत नाहीत. झोप म्हणाल तर साडूभाऊंची गेलीच. अंधार पडला की खुर्चीत अंग टाकणारा माणूस आता गच्चीवर येरझाऱ्या घालतो, असं आक्का सांगतात.

यंदा नवी पिल्लं झाली. त्यांची नावं काय ठेवली म्हणून मी हौसेनं विचारलं. साडूभाऊ दाणे टाकत राहिले. "न्हाई ठेवली," ते म्हणाले. "नाव ठेवलं की वाट बघावी लागती." त्या पिल्लांत एक करडं, पांढऱ्या शेपटीचं, विनाकारण माझ्या चपलेवर येऊन बसणारं होतं. मी त्याला मनातल्या मनात ‘परभणी’ म्हणायला लागलो. कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. एवढ्या वयाच्या माणसानं असली गोष्ट सांगायची तरी कुणाला? फक्त रोज दिवे लागले की मानवतला फोन करतो आणि तब्येतपाणी झाल्यावर सहज विचारल्यासारखं विचारतो, "सगळी आली का?" पलीकडे थोडा वेळ शांतता होते. ते खुराड्यात डोकावत असतात. मग ते म्हणतात, "आली." आणि मी जेवायला बसतो.

परवा ती शांतता लांबली. फळ्यांचा आवाज आला, आक्का काही तरी म्हणाल्या, पुन्हा काही नाही. मग साडूभाऊंचा तोच बारीक आवाज आला.

"परभनी अजून आली न्हाई, साडूसाहेब."

हे नाव मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. फोन कुणीच ठेवला नाही. तो तसाच कानाला लावून आम्ही दोघं वाट बघत राहिलो.